बाहेर आपला माणूस असेल तर

सुरक्षा सप्ताहात दरवर्षी तोच माहितीपट दाखवून कामगार आणि आम्ही दोघेही कंटाळलो होतो, म्हणून यंदा आमच्या प्रशिक्षणार्थी अभियंत्याने रिडली स्कॉट यांचा १९७९ सालचा ‘एलियन’ हा भयपट सुचवला. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. कामगारांना दाखवायचे ते आधी स्वतः पाहणे माझ्याकडे येते. भयपटांच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो. साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी प्रशिक्षण कक्षाचे पडदे ओढून मी, तो अभियंता आणि देखभाल विभागातले दोन जुने फिटर असे चौघे बसलो.

बराच वेळ भीतीचे काही घडेचना. खनिज ओढून नेणारे नॉस्ट्रोमो नावाचे अवकाशजहाज, त्यावर सात माणसे, आणि खाली इंजिनाशी राबणारे दोघे बोनसच्या वाट्यावरून कुरकुरताहेत. “साहेब, हे तर आपलं कँटीन झालं,” एक फिटर म्हणाला.

मग जहाजाबाहेर गेलेले तिघे परत येतात. एकाच्या चेहऱ्याला एक जीव घट्ट चिकटलेला असतो. निर्जंतुकीकरणासाठी चोवीस तास विलगीकरण हवे, म्हणून आत असलेली जहाजावरची अधिकारी रिप्ले दार उघडायला नकार देते. बाहेरून खुद्द कप्तान हुकूम सोडतो, तरी ती बधत नाही. आणि तेवढ्यात शास्त्र विभागाचा अधिकारी अ‍ॅश शांतपणे दार उघडतो. एच. आर. गीगर यांनी घडवलेला तो प्राणी भयंकर आहेच, पण मी खुर्चीत ताठ बसलो तो इथे. वरिष्ठाने बाहेरून ओरडायचे आणि आतल्या कुणीतरी नियम वाकवायचा, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

पुढे त्या जीवाला कापायला जाताच त्याचे रक्त म्हणजे तीव्र आम्ल निघते. ते जमीन जाळत खालच्या मजल्यावर उतरते, ही माणसे थेंबांच्या मागे जिने उतरत धावतात, आणि कप्तान भोकाच्या कडेला पेन टोचून पाहतो. दोघे फिटर एकदम पुढे झुकले. आमच्या प्लेटिंग म्हणजे धातूवर मुलामा देण्याच्या विभागात आम्लाची गळती झाली की पहिला प्रश्न हाच असतो, खाली काय आहे? जेवणाच्या टेबलावर एकाची छाती फोडून जीव बाहेर येतो, तो प्रसिद्ध प्रसंग आला तेव्हा अभियंता पडद्याकडे नव्हे, आमच्या तोंडांकडे पाहत होता. (किती रक्त उडणार, हे चित्रीकरणावेळी बहुतेक नटांना सांगितलेच नव्हते, असे त्याने नंतर सांगितले.)

चहा घेताना मी म्हणालो की फक्त दाराचा प्रसंग दाखवू. रिप्लेचे बरोबर होते, एवढे पटले तरी पुरे. त्यावर मोठा फिटर म्हणाला, “बाईचं बरोबर, साहेब. पण बाहेर माझा भाऊ असता तर मी दार उघडलं असतं.”

त्याचा धाकटा भाऊ आमच्याकडेच टाक्या साफ करणाऱ्या पथकात आहे. बंदिस्त टाकीत कोणी बेशुद्ध पडला की त्याच्यामागे धावत उतरणारे मरतात. अशा मृत्यूंत ६० टक्क्यांहून अधिक वाचवायला गेलेले असतात, असे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते. हा आकडा मी दरवर्षी वाचून दाखवतो. त्या दुपारी मात्र तो त्याच्यासमोर उच्चारणे मला जड गेले.

सप्ताहात आम्ही तेवढाच प्रसंग दाखवला आणि दार उघडण्याआधी थांबवला. तुम्ही काय कराल, असे विचारताच बहुतेकांनी उघडू म्हणून हात वर केले. तेव्हा मोठा फिटर उभा राहिला आणि त्याने सुचवले की टाकीत भाऊ उतरला असेल तर टाकीच्या तोंडाशी लक्ष ठेवायला भावाला उभे करायचे नाही. सेफ्टी कमिटीने ते त्याच बैठकीत मान्य केले, आणि टाकीत उतरण्याच्या परवान्याच्या नमुन्यात बाहेर थांबणाऱ्याच्या नावापुढे ‘आतल्या व्यक्तीशी नाते’ असा रकाना मी संध्याकाळी वाढवला.