पेट स्कॅनवर गाठ मोजताना आकडा कुठे बिघडतो

पेट-सीटीवर, म्हणजे टोचलेलं किरणोत्सारी औषध कुठे किती साठलं ते दाखवणाऱ्या स्कॅनवर, गाठ मोजायची म्हटलं की बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडून कडा आखायला बसतात. पण आकडा बिघडायला सुरुवात इंजेक्शनच्या टेबलावरच झालेली असते.

एसयूव्ही म्हणजे गाठीने औषध किती ओढून घेतलं त्याचा आकडा. तो काढताना गाठीतलं औषधाचं प्रमाण दर किलो वजनामागे दिलेल्या डोसने भागतात. म्हणजे घड्याळ, सिरिंज आणि वजनकाटा तिन्ही त्यात आले. औषधातल्या किरणोत्सारी फ्लोरीन-18 चं अर्धायुष्य 109.8 मिनिटं. डोस कॅलिब्रेटरचं (सिरिंजमधला डोस मोजणाऱ्या यंत्राचं) घड्याळ स्कॅनरपेक्षा 10 मिनिटं मागे असलं, तर डोस प्रत्यक्षाहून जास्त क्षय पावला असं स्कॅनर धरतो आणि एसयूव्हीचा आकडा साडेसहा टक्क्यांनी फुगतो. सिरिंजमध्ये 370 मेगाबेकेरेल (किरणोत्साराचं एकक) भरले, टोचल्यावर 20 उरले आणि ते वजा करायचे राहिले, तर तोच आकडा पाच टक्क्यांहून जास्त घसरतो. चित्र पाहून यातलं काहीच कळत नाही. म्हणून घड्याळं रोज जुळवावीत, रिकामी सिरिंज वेळ नोंदवून पुन्हा मोजावी, वजन विचारून लिहू नये. औषध शिरेबाहेर झिरपलं असेल तर सगळ्याच गाठी फिक्या दिसतात. टोचलेली जागा स्कॅनमध्ये घेतली तर निदान शंका तरी येते.

आता कडा. गाठीतल्या एसयूव्हीच्या कमाल मूल्याच्या 41 टक्क्यांवर सीमा आखायची पद्धत सर्रास वापरतात. भोवतालच्या ऊतींपेक्षा गाठ खूप तेजस्वी असेल तर ती ठीक चालते. पण यकृतातल्या एखाद्या गाठीचं कमाल मूल्य 4 आणि भोवतालच्या यकृताचं 2 असेल, तर 41 टक्के म्हणजे 1.64. यकृतच त्याच्या वर आहे! सीमा गाठीतून निसटून सगळ्या यकृतभर पसरते. अशा वेळी आधी पार्श्वभूमी वजा करावी: 2 अधिक फरकाचे 41 टक्के, म्हणजे 2.82. एवढ्याने सीमा पुन्हा गाठीभोवती येते.

लहान गाठींचं दुखणं वेगळं. 10 मिमी व्यासाच्या गोलाचं घनफळ जेमतेम 0.52 मिलिलिटर. व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात लहान घन ठोकळा) 4 मिमीचा असेल तर त्या गोलात आठच व्हॉक्सेल बसतात. एक इकडचा तिकडे झाला की घनफळ 12 टक्क्यांनी हललं. व्यास 1 मिमीने जास्त धरला तर घनफळ 33 टक्क्यांनी वाढतं. शिवाय स्कॅनरची स्वतःची धूसरता 4 ते 6 मिमीची, त्यामुळे लहान गाठीचं तेज बाहेर सांडतं: एसयूव्ही कमी दिसतो, गाठ मोठी दिसते. 2 मिमीचा व्हॉक्सेल घेतला तर पायऱ्या बारीक होतात, पण नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो आणि ही धूसरता तशीच राहते.

यावर माझा भरवसा फँटमवर, म्हणजे रुग्णाऐवजी स्कॅन करायच्या पोकळ गोलांच्या नमुन्यावर आहे. 10, 13, 17, 22, 28 आणि 37 मिमीचे गोल माहीत असलेल्या प्रमाणात भरायचे, रोजच्याच रिकन्स्ट्रक्शनने (चित्र तयार करायच्या गणिती पद्धतीने) स्कॅन करायचे आणि कोणत्या टक्केवारीला खरं घनफळ मिळतं ते प्रत्येक गोलासाठी लिहून ठेवायचं. 10 आणि 37 मिमीला एकच टक्केवारी लागू पडत नाही, हे त्या तक्त्यात लगेच दिसतं. गोलांच्या भिंतींमध्ये औषध नसतं, त्यामुळे सगळ्यात लहान गोलाचा आकडा थोडा सावधपणे घ्यावा.

फुप्फुसाच्या तळाशी असलेली गाठ श्वासाबरोबर वरखाली सरकते. चित्रात ती लांबट होते, घनफळ वाढतं, एसयूव्ही उतरतो. सीटी खोल श्वास रोखून काढला असेल तर गाठ दोन्ही चित्रांत वेगवेगळ्या जागी येते आणि क्षीणनाची (शरीरातच अडणाऱ्या किरणांची) दुरुस्तीही चुकते. सीटी उथळ श्वासावर घ्यावा. गेटिंग (श्वासाच्या टप्प्यांनुसार माहिती वेगळी करणं) करत असाल तर त्या भागाला जास्त वेळ द्यावा, कारण तेवढेच काउंट्स (टिपलेले किरण) अनेक भागांत वाटले जातात.

उपचारानंतरच्या तुलनेत पर्सिस्टचा (पेटवर उपचाराचा परिणाम ठरवायच्या निकषांचा) नियम कामाचा: दुसरा स्कॅन इंजेक्शननंतर पहिल्याच्या वेळेच्या 15 मिनिटांच्या आत, आणि गाठ मोजण्याआधी यकृताच्या उजव्या भागात 3 सेंमीचा गोल ठेवून दोन्ही वेळची सरासरी ताडून पाहायची. चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर काढलेल्या एसयूव्हीत ती 20 टक्क्यांहून किंवा 0.3 हून जास्त हलली असेल, तर गाठीतल्या फरकाबद्दल बोलण्याआधी डोसची नोंदवही उघडावी.