दगडूची म्हैस केवढी?

रविवार, रात्री साडेदहा

स्वयंपाकघरातल्या काट्यावर, आईचा डोळा चुकवून, दगडूचं वजन केलं. २१२ ग्रॅम. गेल्या महिन्यात १८४ भरलं होतं. इग्वानाचं, म्हणजे या परदेशी सरड्याचं, नाव दगडू कसं, असं सगळे विचारतात. तासन्‌तास तसाच बसतो, म्हणून दगडू. (परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे, पुढचा प्रश्न तोच असतो.)

हिवाळ्यात काट्याचा आकडा हलेना. मग खालचा जबडा सुजला, पाय थरथरायला लागले. डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला तर रबरासारखा मऊ. ‘खायला काय देता?’ मी ऐटीत सांगितलं, रोज ताजा पालक, वर टोमॅटो, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल ते अंगी लागू देत नाही. रक्ताला कमी पडलं की शरीर हाडांतून ओढून घेतं. अंडं तर मूत्रपिंडाच्या मुळावर उठणारं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर पानं खाणारा प्राणी हा, आणि मी त्याला कुंपणावरचा किडे टिपणारा सरडा समजून बसलो होतो.

खरी लाज पुढेच वाटली. ‘ऊन देता का?’ देतो की, खिडकीत ठेवतो. काच बंद. आणि कॅल्शियम शोषायला लागणारं ड जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांमुळे तयार होतं, ते काच अडवते. सोलापुरात राहून माझ्या जनावराला उन्हाची टंचाई!

आता सकाळी गच्चीवर, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर चादर टाकून. नऊनंतर नाही, मेमधलं ऊन त्यालाही झेपत नाही. अंग तापल्यावरच ताट, कारण पानं पचवणारे जिवाणू त्याच्या मोठ्या आतड्यात असतात आणि ऊब नसेल तर तेही ढिम्म. ताटात शेवग्याचा पाला, लसूणघास (गुरांचा हिरवा चारा), किसलेला लाल भोपळा, जास्वंदीची पानं. फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम हा हिशेब. पपई चिमूटभरच, नाहीतर साहेब पाल्याकडे बघत नाहीत. जास्वंदीच्या फुलावर मात्र दगडपण विसरून झेप घेतो. आजीच्या देवाची दोन फुलं रोज कमी भरतात, तिला अजून माळ्याचा संशय आहे.

लसूणघासाची एकच पेंढी मागितली तर कडबा विकणारा म्हणाला, “एवढ्यात काय होतंय? म्हैस केवढी हाय बे तुझी?” हाताने वीतभर दाखवली. लक्ष्मी मंडईतल्या मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “काय सांगलालास!” आणि भोपळ्याची फोड फुकट दिली.

उद्या शेजारचे काका शेवगा छाटणार आहेत. घंटागाडी यायच्या आत फांद्या उचलायला हव्यात.