तिसरा वन्स मोअर

संगीत नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याला प्रेक्षक दिसत नाहीत. त्याचे तोंड रंगमंचाकडे असते आणि पाठ पहिल्या रांगेकडे. त्यामुळे गेली चोवीस वर्षे मी प्रेक्षकांना ओळखतो ते आवाजावरून. तानेला पडणारी टाळी वेगळी, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, निघणारी ‘वा’ वेगळी, आणि एखाद्या शब्दावर नेमकी जागा घेतली गेली की पाचपन्नास माणसांचा एकदम सुटणारा श्वास वेगळा. गेल्या मार्गशीर्षात गोव्याच्या अंत्रुज महालातील एका देवळाच्या जत्रेत आमच्या मंडळींनी ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग केला. त्या रात्री मी तो आवाज चुकीचा ऐकला, की बरोबर ऐकूनही चुकीचे वागलो, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमची संस्था दक्षिण कोकणातली. नोकऱ्या सांभाळून नाटक करणारी माणसे, एक टेम्पो, गुंडाळण्याचे पडदे आणि माझा जुना पायाचा ऑर्गन. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की सुपाऱ्या लागोपाठ येतात, आणि आमचे व्यवस्थापक त्यातली एकही नाकारत नाहीत. त्या आठवड्यात सात रात्रींत पाच प्रयोग घेतले होते. गाणाऱ्याचा गळा म्हणजे भाड्याने आणलेली झुंबरे नव्हेत, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे आणि पुढेही सांगत राहीन.

ऑर्गनविषयी थोडे सांगतो, कारण हल्ली बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे आणि त्याने काय गेले हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. भाता पायाने चालत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हाताने गाण्याची पाठराखण करता येते, डाव्या हाताने खालचा स्वर भरता येतो, आणि पायाचा दाब कमीजास्त करून गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर स्वर फुगवता किंवा उतरवता येतो. समुद्राकाठच्या दमट हवेत रीड धरतात, म्हणून प्रयोगाआधी दोन तास मी मागचे झाकण काढून एकेक रीड वाजवून पाहतो. आमचा कृष्ण काळी दोन या पट्टीत गातो आणि सुभद्रा त्याहून उंच, काळी चारमध्ये. पदापदाला बोटांची मांडणी बदलते, आणि तबलजी दोन पट्ट्यांचे तबले लावून बसतो. त्यातही कृष्णाचे ‘प्रिये पहा’ आले की मी फार सावध असतो. ते पद देसकार रागात आहे. देसकाराचे आणि भूपाचे स्वर तेच, परंतु देसकार धैवतावर विसावतो आणि भूप गांधारावर. साथीदाराची बोटे गांधारावर क्षणभर रेंगाळली तरी पहाटेचा राग संध्याकाळचा होतो. अंत्रुजातल्या प्रेक्षकांना हे कळते. तसा रेंगाळलो, तर मागच्या खुर्चीतून जीभ टाळ्याला लावल्याचा बारीक आवाज येतो. शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहात तानेची लांबी मोजून टाळी देणारे पुष्कळ भेटतात, पण हा आवाज मी तिथे कधीच ऐकला नाही.

वन्स मोअर नट देतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो निर्णय बहुतेक वेळा ऑर्गनवर होतो. पद संपले, शेवटची सम आली, की मी षड्ज, म्हणजे गाणाऱ्याचा मूळ ‘सा’, धरून ठेवतो. मागून मागणी आली आणि मी तो षड्ज सोडला नाही, तर नटाला समजते की पुन्हा गायचे आहे. तबलजी ठेका धरायला हात उचलतो आणि आम्ही अंतऱ्यापासून पुन्हा सुरुवात करतो. मी बोटे उचलली, तर समोरचे पात्र पुढचे वाक्य बोलू लागते आणि नाटक सरकते. व्हिएन्नात १७८६ साली मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेरात प्रेक्षक एवढ्या रचना पुन्हा मागू लागले, की एकाहून अधिक गायकांच्या रचना पुन्हा गायच्या नाहीत असा हुकूम सम्राट दुसरा जोसेफ याला काढावा लागला, असे मी वाचले आहे. आमच्याकडे हुकूम काढणारा कुणी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गाजली, तेव्हापासून आजपर्यंत हा व्यवहार गाणारा, साथीदार आणि ऐकणारा यांच्यातच मिटत आला आहे.

त्या रात्री सुभद्रेचे काम करणाऱ्या मुलीचा गळा बसलेला होता. वय सव्वीस, शाळेत संगीत शिकवते, आवाज निकोप. तो तिचा सहा रात्रींतला चौथा प्रयोग होता. रंगपटात ती गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून गप्प बसली होती. मी पट्टी अर्ध्या सुराने उतरवू का, असे विचारले, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले. पट्टी उतरवली की खालचे स्वर पोकळ लागतात, हे तिचे म्हणणे खरेच होते.

नाटक साडेअकराला सुरू झाले. खाजे-चण्याच्या दुकानांचा गलबला मागे चालू होता, चटयांवर मुले झोपली होती, आणि ध्वनिव्यवस्थावाल्याने नेहमीप्रमाणे तबला वाजवीपेक्षा वर ठेवला होता. सुभद्रा सखीला उद्देशून ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते, त्या पदापर्यंत तिने आवाज फार शहाणपणाने जपून आणला होता. पहिल्यांदा पद झाले आणि मंडपातून एकमुखाने वन्स मोअर आला. मी षड्ज धरला. दुसऱ्या वेळी अंतऱ्यात तार षड्जावर जाताना तिचा स्वर तुटला. अगदी बारीक तुटला, आणि तिने तो तिथेच हुंदक्यात वळवून खाली आणला. मागून तो श्वास सुटल्याचा आवाज आला. पदर डोळ्यांना लावणाऱ्या बायकांच्या बांगड्याही मला ऐकू आल्या. पद संपताच पहिल्यापेक्षा दुप्पट जोराने पुन्हा मागणी झाली.

मला तिच्या मानेची शीर दिसत होती. प्रेक्षकांना तो हुंदका अभिनय वाटला आहे, त्यांना तोच पुन्हा हवा आहे, आणि तो पुन्हा आणायचा म्हणजे गळ्याला झालेली इजा पुन्हा करायची, असे माझ्या मनाने त्या दोनतीन सेकंदांत ठरवून टाकले. मी बोटे उचलली. तबलजीचा हात अर्ध्यावर थांबला. ती माझ्याकडे पाहत उभी होती, आणि पुढचे वाक्य सखीने बोलायचे की नाही, हे कुणालाच कळेना. पाठीमागून एक हात माझ्या खांद्यावर आला आणि कुणी वृद्ध गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, सूर धरा.” मी वळलो नाही. सखीने वाक्य घेतले. मंडपात नाराजीची कुजबुज उठली, आणि तो अंक संपेपर्यंत समेवर एकही ‘वा’ आली नाही.

पहाटे तीनच्या सुमारास पडदा पडल्यावर लोक नेहमीप्रमाणे मंचापाशी आले. दुसऱ्यांदा गायलेले पद पहिल्यापेक्षा सरस झाले, असे किमान सहा जणांनी मला सांगितले, आणि प्रत्येक वेळी मला आत काहीतरी टोचत राहिले. कृष्णाच्या पदांची तारीफ झाली, बलरामाचा राग लोकांना आवडला, नारदाची एन्ट्री लांबली असे एका बाईंनी स्पष्ट सांगितले, आणि ते खरे होते. मग ते वृद्ध गृहस्थ आले. ऐंशीच्या पुढचे, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर शाल. त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली, ऑर्गन कुठला, भाता कुणी शिवला हे विचारले, आणि मग शांतपणे म्हणाले, “बायेचा सूर तुटला तो आम्ही ऐकला, मास्तर. म्हणूनच पुन्हा मागितले. तुटलेल्या सुरावर तिला आत जाऊ द्यायची नव्हती.”

मला उत्तर सुचले नाही. मागून आलेला तो सारा गजर मी दादेचा समजलो होतो. त्यात तिला पुन्हा उभे करू पाहणारी माणसेही होती, हे चोवीस वर्षांच्या सवयीच्या कानांना वेगळे काढता आले नव्हते.

टेम्पोत सामान चढत असताना ती माझ्याशी बोलली. “काका, मी गायले असते. वरचा षड्ज सोडून मधल्या सप्तकात संपवायचे, हे माझे ठरले होते. तुम्ही मला विचारलेच नाही.” तिचा आवाज तेव्हा कुजबुजीइतकाच उरला होता. दोन दिवसांनी घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज असल्याचे सांगून बारा दिवस मौन पाळायला लावले. त्या हंगामातला आमचा शेवटचा प्रयोग दुसऱ्या मुलीने केला. डॉक्टरांचे ऐकून व्यवस्थापक मला म्हणाले, की तू थांबवलेस तेच योग्य झाले. परंतु पाच प्रयोगांची सुपारी ज्यांनी घेतली, त्यांच्याकडून हे ऐकताना मला समाधान वाटले नाही.

मौन संपल्यावर मी तिला त्या गृहस्थांचे बोलणे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “मग तुम्ही त्यांना काय म्हणालात?” काहीच म्हणालो नाही, हे मी तिला सांगितले.

या वर्षीही त्याच देवळाची सुपारी आली आहे. या वेळी आठवड्याला तीनच प्रयोग घ्यायचे, असे मी लिहून घेतले आहे, आणि ते सहज झालेले नाही. परवाच्या तालमीत ते पद संपताच ती थांबली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “इथे षड्ज सोडायचा नाही, काका. गायचे की नाही, ते मी बघेन.”