देवळालीचे ६१७४ आणि माझी पहिली नोकरी

माझे सगळे बालपण नाशिकरोडला गेले. तिथून देवळाली म्हणजे सिटी बसच्या एका तिकिटाचे अंतर. तरीही दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव माझ्या कानावर प्रथम पडले ते अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यातील वसतिगृहाच्या खोलीत, प्रोग्रामिंगच्या सरावासाठी दिलेल्या एका इंग्रजी प्रश्नात. ज्या गावच्या जत्रेत मी लहानपणी उसाचा रस प्यायलो, त्याच गावातील शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या नावाची संख्या जगभरचे विद्यार्थी सरावाला घेतात, हे मला कोणत्याही शिक्षकाने सांगितले नव्हते. याची थोडी लाज वाटली आणि थोडा रागही आला.

प्रश्न साधा होता. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करत राहावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि एकदा आले की तिथून हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये शोधले. मी गंमत म्हणून त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहिले: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे सर्वांत लांबचा रस्ता. शोधाचे वर्ष १९४९ घेतले, तर तेही सातव्याच पायरीला पोहोचले. योगायोगच, पण त्या रात्री झोप उडवायला तो पुरेसा होता.

मग मी प्रोग्राम लिहिला. एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी आज्ञा, १००० पासून ९९९९ पर्यंत, आतमध्ये अंक सुटे करणे, क्रम लावणे, वजाबाकी. वीस-बावीस ओळींचे काम. रन केल्यावर पडद्यावर बहुतेक ठिकाणी ६१७४ दिसले. ११११, २२२२ यांसारख्या नऊ संख्या अपेक्षेप्रमाणे शून्यावर गेल्या. पण त्यांच्याखेरीज आणखी ६८ संख्यासुद्धा शून्यावरच जाऊन बसल्या. १०००, २१११, ५५५४, असल्या. एवढ्या नावाजलेल्या नियमाला अपवाद सापडला, असे मला निदान तासभर मनापासून वाटत होते. एकोणीस वर्षांच्या मुलाला तासभर तरी असे वाटू द्यावे.

त्या दिवाळीला घरी गेल्यावर मी बाबांना २१११ चे कोडे घातले. बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन वर्षच झाले होते. कॅल्क्युलेटर त्यांना चालत नाही, म्हणजे वापरता येतो पण आवडत नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे २१११ वजा १११२ मांडले आणि उत्तर लिहिले, ०९९९. मी म्हटले, "बाबा, नऊशे नव्व्याण्णव. पुढचं शून्य कशाला?" ते म्हणाले, "चार घरं आखलीस ना तू? हजाराच्या घरात कोणी नाही, म्हणून शून्य. घर मोडलं का?" आणि त्यांनी पुढे ९९९० मधून ०९९९ वजा करून ८९९१ काढले, मग ८०८२, मग ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४.

चूक अर्थातच माझ्या प्रोग्राममध्ये होती. मी संख्या इन्टिजर, म्हणजे पूर्णांक, म्हणून साठवली होती आणि इन्टिजरला पुढचे शून्य माहीत नसते. ०९९९ ची ९९९ झाली, चारऐवजी तीनच अंक उरले, ९९९ मधून ९९९ गेले आणि खेळ संपला. ज्या संख्यांची पहिली वजाबाकी ९९९ येते अशाच नेमक्या त्या ६८ होत्या. बाबांनी आयुष्यभर तिकिटांचे गठ्ठे आणि वेबिले हाताळली होती. शून्याने सुरू होणारे क्रमांक त्यांच्या बोटांना सवयीचे होते. मी मात्र चार वर्षांच्या पदवीतील दीड वर्ष पार करून तिथेच अडखळलो होतो.

बग दुरुस्त झाला, सारख्या अंकांच्या त्या नऊ सोडून सर्व संख्या ६१७४ वर आल्या, आणि खरे तर तेव्हाच माझी अडचण सुरू झाली. संगणकाने मला सांगितले की असे होते. का होते, ते त्याने सांगितले नाही, आणि मीही त्याला विचारले नव्हते. शेवटी वही घेऊन बसलो. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे मानले, तर मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). एवढेच. म्हणजे चार अंकांपैकी दोनच गोष्टींना महत्त्व आहे: टोकाच्या अंकांतील फरक आणि मधल्या अंकांतील फरक. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + ४ असे करत १० पर्यंत, म्हणजे एकूण ५४ होतात.

माझा प्रोग्राम नऊ हजार संख्या तपासत होता. पुढच्या शून्यांसह धरले तर त्या दहा हजार. अंकांचा क्रम उत्तरात येतच नाही हे लक्षात घेतले, तर त्यांचे ७१५ गट उरतात. आणि फक्त फरकांना महत्त्व आहे हे लक्षात घेतले, तर ५४. चारही अंक सारखे असलेल्या दहा सोडल्या, तर पहिल्या वजाबाकीनंतर दहा हजारांतील बाकी सगळ्या संख्या या ५४ जागांत येऊन पडतात, आणि ५४ ओळी तर बाबाही एका दुपारी कॅलेंडरच्या पाठीमागे करतील. तीन अंकी संख्यांना तर सूत्र ९९(अ − क) असे येते. नऊच शक्यता, आणि सगळ्या ४९५ वर जातात. संगणकाचा वेग पाहून मी जितका कधी हरखलो नव्हतो तितका ही एक ओळ पाहून हरखलो.

नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालो तेव्हा कल्याण सुटल्यावर गाडी डोंबिवलीवरून न थांबता गेली. कापरेकरांच्या आणखी एका संख्याकुळाला 'डेम्लो' हे नाव याच स्थानकावरून मिळाले आहे, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळी ते डेम्लो म्हणून ओळखले जाई आणि कल्पना त्यांना तिथे सुचली होती. त्या कुळातील सर्वांत देखणी रांग म्हणजे १, १२१, १२३२१, अर्थात १, ११, १११ यांचे वर्ग. मी हीही रांग एकदा सी भाषेत छापून पाहिली होती. १११११ पर्यंत सर्व सुरळीत चालले, आणि १११११११ पर्यंत जायच्या आधीच, सहा एकांच्या वर्गाला, पडद्यावर −५३९२४७५६७ उमटले. वर्ग, आणि तोही ऋण! खरे उत्तर १२३४५६५४३२१ आहे, पण ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या, खणात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी धन संख्या मावत नाही, आणि न मावलेली संख्या तक्रार न करता गुंडाळून दुसऱ्या टोकाला जाते. मुलाखतीत मला आवडलेला एखादा बग सांगा असे विचारले, तेव्हा मी हाच सांगितला. समोरच्या बाईंनी कागदावर ते गणित करून पाहिले. नोकरी मिळाली. ती त्यामुळेच मिळाली असे मी म्हणत नाही, पण तसे समजायला मला आवडते. कार्यालय ऐरोलीला होते आणि परवडणारी खोली मिळाली ती डोंबिवलीतच.

पहिले तीन महिने प्रशिक्षणात गेले. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. चौथ्या महिन्यात पहिले खरे काम आले. एका क्लायंटकडे ग्राहकांच्या दोन याद्या होत्या, प्रत्येकी सुमारे चाळीस हजार नोंदींच्या, आणि दोन्हींतील एकच माणूस कोणता हे जुळवायचे होते. मी दुहेरी लूप लिहिला. पहिल्या यादीतील प्रत्येक नोंद दुसऱ्या यादीतील प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची. चाळीस हजार गुणिले चाळीस हजार म्हणजे १६० कोटी तुलना, आणि प्रत्येक तुलनेत नाव, जन्मतारीख, मोबाइल. संध्याकाळी सुरू केलेला प्रोग्राम सकाळी कामावर आलो तेव्हाही चालूच होता.

आमच्या टीम लीड मॅडमनी कोड पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दोन नोंदी एकच आहेत की नाहीत, हे नेमकं कशावर ठरतं?" मी म्हटले, मोबाइलचे शेवटचे दहा अंक आणि जन्मतारीख. कुठे मोबाइलच्या आधी +९१ होते, कुठे शून्य, कुठे मधे मोकळी जागा. ते सगळे काढून टाकले की हेच उरते. त्या म्हणाल्या, "मग तेवढंच आधी काढून ठेव ना. नोंदी एकमेकींना कशाला भेटवतोस?" मला एकदम अ, ब, क, ड आठवले. दहा हजारांचे ७१५ करताना मी अंक क्रमाने लावून घेतले होते, म्हणजे वेगवेगळ्या दिसणाऱ्या संख्यांना एकच रूप दिले होते. इथेही प्रत्येक नोंदीला एकदाच असे एक रूप द्यायचे, ते खुणेसारखे वापरून पहिली यादी साठवायची आणि दुसरीतील प्रत्येक खूण तिथे आहे का एवढे पाहायचे. १६० कोटींऐवजी ऐंशी हजार वेळा काम. नवा प्रोग्राम मी चहा आणायला जाऊन येईपर्यंत संपलेला होता. वहीत केलेले ते गणित आणि हे काम यांचा सांधा मला दिसला याचा आनंद इतका होता, की मॅडमना ६१७४ ची सगळी गोष्ट ऐकावी लागली. त्यांनी ती ऐकली. रिव्ह्यूची वेळ टळून गेली तरी.

जुळलेल्या नोंदी पुढे खाते क्रमांकाने पडताळायच्या होत्या आणि तिथे काहीशे खाती अडली. दोन्हीकडे तोच माणूस, तोच मोबाइल, पण खाते क्रमांक वेगळे. पाच मिनिटे पाहिल्यावर हसू आले. एका यादीत क्रमांक शून्याने सुरू होत होते आणि दुसरीत ती शून्ये गायब होती. कोणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवली होती, आणि एक्सेलने खाते क्रमांक संख्या समजून हजाराचे घर मोडले होते. २१११ च्या वेळी मी केले तेच. मी उत्साहाने म्हटले, सगळ्यांना पुढे शून्ये लावून सारखी लांबी करतो. मॅडम म्हणाल्या, "सगळ्या शाखांच्या क्रमांकांची लांबी सारखीच आहे, हे तुला कोणी सांगितलं?" कोणीच नाही. कापरेकरांच्या खेळात घरे चार आहेत हे आपणच ठरवलेले असते. बँकेच्या क्रमांकात किती घरे होती हे शून्य गेल्यावर उरलेल्या अंकांकडे पाहून कळत नाही. आम्ही मूळ मजकुराची फाइल पुन्हा मागवली आणि त्या रकान्याला संख्या मानणे बंद केले. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते ती संख्या नव्हेच, ते नाव. अंकांत लिहिलेले, एवढेच.

कापरेकरांकडे गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते, पण पुढे ते शाळामास्तरच राहिले, आणि १९७५ मध्ये गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. त्यांच्याजवळ माझ्यासारखा लूप नव्हता. नऊ हजार संख्या एकामागून एक तपासणे त्यांना परवडणारे नव्हते. संगणक हाताशी असता तर त्यांनी आणखी किती शोधले असते असे लोक हळहळून म्हणतात. मला तेवढी खात्री वाटत नाही. मला तर लूप हाताशी होता म्हणूनच वही उघडायला इतका उशीर झाला.

मागच्या महिन्यात बाबांना मी पाच अंकी संख्या दिल्या. तिथे ६१७४ सारखे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. संख्या फेऱ्यांत अडकून फिरत राहतात. चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर कॅलेंडरच्या मागच्या पानाचा फोटो आला: ५३९५५, ५९९९४, पुन्हा ५३९५५, आणि खाली "ही गाडी दोनच स्टॉपांमध्ये ये-जा करते." रविवारी त्यांना चार थांब्यांची दुसरी फेरी सापडली, ६१९७४ पासून सुरू होणारी. तिसरीही आहे. ती मी अजून सांगितलेली नाही.