केजीतल्या मुलाची वही कोरी असू दे

जुलैतल्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: "बाई, वहीत अजून काहीच कसं नाही?" ज्युनियर केजीतल्या चार वर्षांच्या मुलाची वही जुलैत कोरी असेल तर शाळेचं बरं चाललंय, असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात जे शिकायचं असतं ते बहुतेक वहीत उमटतच नाही. बोटांत ताकद यायची असते, कानाला आवाज वेगळे करता यायचे असतात आणि 'पाच' म्हणजे नेमके किती हे मनात बसायचं असतं. घरच्यांनी मदत करायची ती इथे. त्यासाठी लागणारं सामान स्वयंपाकघरात आधीच असतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात बालवाडी किंवा अंगणवाडीची तीन वर्षं येतात आणि पुढची पहिली-दुसरी. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या प्राथमिक वाचन-गणित अभियानाच्या लक्ष्यांत पहिलीच्या आधीच्या वर्षाअखेर काय अपेक्षित आहे? अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, १० पर्यंतचे अंक ओळखणं. शंभरपर्यंत अंक लिहिणं त्यात कुठेही नाही, तरी कित्येक शाळा डिसेंबरपर्यंत तेच करून घेतात आणि पालक खूश होतात. महाराष्ट्रात तरी हे व्हायला नको होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतून शिकवून दाखवलं होतं.

आधी हाताबद्दल. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः मऊ कूर्चेची असतात आणि पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून पक्की होतात. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. हळूहळू तो बोटांत येतो आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशी पकड बहुतेकांना चार ते सहा या वयात जमते. त्याआधी पेन्सिल देऊन चाररेघी वहीत कित्ता गिरवायला बसवलं की मूल पेन्सिल घट्ट आवळतं, कागद फाटेल इतका दाब देतं, खांदा वर उचलतं आणि पाच मिनिटांत "हात दुखतो" म्हणतं. तो आळस नसतो, हात खरंच दुखत असतो. शिवाय एकदा बसलेली चुकीची पकड पुढे मोडणं फार जड जातं.

पेन्सिलीऐवजी काय द्यायचं? मटार सोलायला द्या, लसूण मोकळा करायला द्या, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढायला लावा. चिमटा दाबायला तीच तीन बोटं लागतात. एक वाटी कणीक, पाव वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून गोळा मळून द्या. डबाबंद करून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. आधी तळव्यांत साप वळायचा, मग बोटांच्या टोकांत वाटाण्याएवढी गोळी करायची. अवघड काम हे दुसरं. रंगीत खडू आख्खा देऊ नका, मोडून इंचभर तुकडा द्या. इतका छोटा तुकडा मुठीत मावतच नाही, तो बोटांनीच धरावा लागतो. कागद टेबलावर न ठेवता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवा. उभ्या कागदावर रेघोट्या मारताना मनगट आपोआप मागे झुकतं, लिहायला लागतं तसंच. आणि रांगोळी! चिमटीतून रांगोळी सोडता येणं ही लिहिण्याची उत्तम पूर्वतयारी आहे. पाच वर्षांच्या मुलाला चार बाय चार ठिपके पुरेत.

यानंतर अक्षरं, तीही आधी बोटानं. ताटात रव्याचा पातळ थर पसरा आणि उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, अर्धगोल, पूर्ण गोल या क्रमानं काढू द्या. बोटानं गोल नीट वळायला लागला की 'ग'. ग, म, भ, न हा जुना क्रम उगाच आलेला नाही. या अक्षरांत उभा काना समान आहे, हाताला एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं. पण त्यात एक खाच आहे. 'म' आणि 'भ' यांतला फरक वरची गाठ आणि तुटलेली शिरोरेषा एवढाच, आणि 'घ'–'ध' यांचंही तसंच. हाताला सोपी पडणारी जोडी डोळ्यांना गोंधळात टाकते. म्हणून 'म' पक्का झाल्याशिवाय 'भ' काढू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. शिरोरेषा शेवटी. ती आधी मारली की मूल अक्षर तिला कपडे वाळत घातल्यासारखं टांगतं आणि आकार चेपतो. अक्षर किंवा अंक उलटा काढणं सहा-सात वर्षांपर्यंत नेहमीचं आहे, त्यावर रागावू नका.

कानाचं काम मात्र बहुतेक घरांत राहूनच जातं. 'क, कमळाचा' हे मूल घडाघडा म्हणतं, पण "काकडीतला पहिला आवाज कुठला?" विचारलं की गप्प. कारण त्याच्या लेखी 'क' कमळाचाच असतो. त्यामुळे तक्त्यावरचं एकच चित्र पाठ करून घेऊ नका. भाजी निवडताना खेळ लावा: "मला 'प'चं काहीतरी दिसतंय." पंखा, पातेलं, पिशवी, पोळी, काहीही चालेल. शब्द टाळ्यांनी तोडा: पा-ते-लं, तीन टाळ्या, डबा, दोन. हे सहज जमायला लागलं की नावांच्या भेंड्या, कारण शेवटचा आवाज पकडणं पहिल्यापेक्षा बरंच अवघड असतं. सीनियर केजीच्या दुसऱ्या सहामाहीत घ्या. काना-मात्रा-वेलांटीची घाई नको, आवाज सुटे ऐकू येऊ लागले की बाराखडी पहिलीत झपाट्यानं येते.

गोष्टीचं पुस्तक रोज दहा-पंधरा मिनिटं, बोट शब्दाखाली फिरवत. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तरी वाचा, पाठ झालेल्या ओळीतूनच छापील शब्द ओळखीचे होतात. शेवटी "तात्पर्य काय?" न विचारता "मग तो तिथे का गेला असेल?" असं विचारा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तर घरी मराठी पूर्ण वाक्यात बोला. "बेबी, शूज घाल, आपल्याला गो करायचंय" अशा बोलण्यातून दोन्ही भाषांचे तुकडेच हाती लागतात.

आता अंक. शंभरपर्यंत म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी करून पाहा. सात चिंचोके वाटीभोवती गोल मांडा आणि मोजायला सांगा. मूल कुठून सुरुवात केली ते विसरून नऊ-दहापर्यंत जातं. सरळ रांगेत सात बरोबर मोजले तर विचारा, "मग किती आहेत?" तेव्हा ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे अजून कळलेलं नाही. रांग थोडी पसरून "आता जास्त झाले का?" विचारलं की चार वर्षांची बहुतेक मुलं "हो" म्हणतात. ही समज वहीत अंक गिरवून येत नाही. "आज आपण पाच जण, ताटं मांड", "डब्यातून तीनच चमचे आण" अशा कामांनी येते. 'मोज' म्हणण्यापेक्षा 'इतके आण' म्हणणं जास्त उपयोगी, कारण कुठे थांबायचं ते मुलाला ठरवावं लागतं. एक फासा घेऊन सापशिडी खेळा. ठिपके न मोजता पाच ओळखता आले की मोठी मजल गाठली.

वीसच्या पुढे आपल्या मराठीत एक खास अडचण आहे. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये 'तीस' ऐकू येतं, म्हणून २९ ऐवजी ३९. यावरूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यानामांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' अशी मांडणी आली आणि राज्यभर वाद झाला. वाद काहीही असो, घरी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून "वीस आणि पाच, पंचवीस" असं हातात धरून म्हणणं बिनधोक आहे. तेही पहिलीत. केजीत दहापर्यंत पक्कं झालं तर भरपूर.

चिंचोके, मणी, चणे, शेंगदाणे वापरताना समोर बसा. चार वर्षांखालच्या मुलाला ते देऊच नका, घशात अडकतात.

शाळेच्या पहिल्या पंधरवड्यासाठी काही सरावाच्या गोष्टी: डब्याचं झाकण स्वतः उघडणं, चड्डी खाली-वर करणं, नाक पुसणं, "मला शू लागलीय" हे अनोळखी बाईंना सांगता येणं. नाडीच्या बुटांपेक्षा वेल्क्रोचे घ्या. डबा शाळेच्या आधी आठवडाभर घरीच उघडून खाऊ द्या. कित्येक मुलं झाकण निघत नाही म्हणून उपाशी परत येतात आणि घरी वाटतं भाजी आवडली नाही. दाराशी निरोप छोटा घ्या, पण नजर चुकवून पळू नका. पळालं की दुसऱ्या दिवशी मूल आणखी घट्ट बिलगतं. "मी घ्यायला येईन" एवढं सांगून निघा आणि वेळेवर या.

पालकसभेत वहीऐवजी बाईंना हे विचारा: कात्री कशी धरतो, स्वतःहून काय बोलतो, कोणाबरोबर खेळतो, गोष्ट ऐकताना किती वेळ बसतो. 'र', 'ळ', 'ण' हे उच्चार उशिरा येतात, त्याची चिंता नको. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतांश कळत नसेल, हाक मारल्यावर वारंवार लक्ष जात नसेल किंवा पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, तर शिकवणी लावण्याआधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. तोतरेपणा सहा महिन्यांहून जास्त टिकला तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत "नीट बोल" म्हणून टोकू नका, वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा.