सांधा भरताना मसाल्यापेक्षा पट्टीची रुंदी महत्त्वाची

जिप्सम बोर्डाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेल्या जिप्समच्या फळ्यांच्या, भिंतीवरचा दोन बोर्डांमधला सांधा लपवण्याचे काम मुख्यतः उतार साधण्याचे आहे, असे माझे मत आहे. एखाद्या मिलिमीटरचा उंचवटा दोन्ही बाजूंना दीडदीडशे मिलिमीटरपर्यंत विरत गेला, तर तो नजरेला जाणवत नाही. तोच चार बोटांत संपवला, तर रंगाचे कितीही हात दिले तरी उठून दिसतो. म्हणून मसाल्याच्या, म्हणजे सांधा भरायच्या लगद्याच्या, पहिल्या थराला तो पसरवायची १०० ते १५० मिलिमीटर रुंद पात्याची पट्टी चालते, पण शेवटच्या थराला २५० ते ३०० मिलिमीटरची घ्यावी. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच किंचित उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे तिथे सांध्यावर लावायची टेप आणि मसाला सामावून जातो. कापलेल्या कडा जिथे भिडतात, तिथे मात्र ही सोय नसते आणि मसाला त्याहून रुंद पसरावा लागतो.

पाण्यात कालवायची पावडर रासायनिक क्रियेने घट्ट होते व फारशी आकसत नाही. डब्यातला तयार मसाला पाणी उडून वाळतो आणि आकसतो. खोल भेगा आणि जाळीची टेप यांना पावडरचाच मसाला द्यावा, वरचे पातळ हात तयार मसाल्याचे द्यावेत, कारण तो सहज घासला जातो. सपाट सांध्यावर मी कागदी टेपच पसंत करतो. ती ओल्या मसाल्यावर टेकवून पट्टी तिरकी धरून मधून टोकांकडे ओढली, की दोन्ही कडांतून मसाल्याची बारीक रेघ बाहेर येते. जिथे ती येत नाही तिथे टेपखाली मसाला कमी आहे, आणि वाळल्यावर नेमका तिथेच फुगा धरतो.

खिळ्याच्या भोकाभोवतीची उठलेली कड आत दाबून दोन हात दिले की झाले. तळहाताएवढ्या भोकासाठी मला पुढची रीत सर्वांत सुबक वाटते. मागे वायर किंवा पाइप नाही याची खात्री करून भोक चौकोनी कापावे. बोर्डाचा तुकडा चारी बाजूंनी ५० मिलिमीटर मोठा घ्यावा, त्याच्या मागून कापून कडेचे जिप्सम मोडून काढावे आणि दर्शनी कागद तेवढा झालरीसारखा शाबूत ठेवावा. तुकडा भोकात बसला की ती झालरच टेपचे काम करते. भोक त्याहून मोठे असेल, तर आत लाकडी पट्टी आडवी धरून भिंतीतून स्क्रूने आवळावी आणि नवा तुकडा तिच्यावर स्क्रूने बसवावा.

कागद फाटून आतला तपकिरी थर उघडा पडला असेल, तर सुटा भाग कापून त्यावर आधी प्रायमर द्यावा. नाहीतर ओल्या मसाल्याने तो फुगतो.

घासण्याआधी प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, १५० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर वापरावा, मास्क लावावा, आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकावा. समोरच्या दिव्यात न दिसणारी प्रत्येक रेघ तेव्हा सावली पाडते. मसाला आणि कागद रंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, म्हणून रंगाआधी दुरुस्तीच्या जागी प्रायमरचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर टॉर्च पुन्हा एकदा फिरवावी, कारण उरलेले खड्डे तोवर भरता येतात.