बांधाकडेचा ढीग

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग लावताना नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. बाग काढताना मात्र कोणी कोणाला बोलावत नाही. वास्तविक काढण्याचे काम लावण्यापेक्षा मोठे असते. बाग म्हातारी झाली, माल कमी धरू लागली, की तारा गुंडाळल्या जातात, लोखंडी अँगल उपटून रचले जातात, ठिबकच्या नळ्या गोळा होतात, आणि या सगळ्याला शेजारी किंवा भंगारवाला गिऱ्हाईक म्हणून लगेच मिळतो. ज्यांना गिऱ्हाईक नसते ती खोडे, ओलांडे म्हणजे तारेवर पसरलेल्या वेलीच्या जाड फांद्या, आणि मुळे मागे उरतात. त्यात जेसीबी आलाच आहे म्हणून 'एवढा बांधही साफ करून टाका' असे म्हटले गेले, की वेडी बाभूळ, घाणेरी, वाळलेली बोर असे सारे एकाच कोपऱ्यात ढकलले जाते. आमच्या बांधाकडेला गोठ्याच्या पत्र्याहून उंच ढीग उभा राहिला तो असा.

ढीग पाहणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता. शेजारचे तात्या तर रोज सकाळी धारा काढून जाताना थांबून म्हणत, "पेटवा की आता, कशाची वाट बघताय?" तात्यांचे चुकत नव्हते, कारण काडेपेटीइतका स्वस्त गडी शेतीत दुसरा नाही. पण शेजारी त्यांचाच ऊस उभा, डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या, आणि चैत्र-वैशाखात आमच्याकडे दुपारचा वारा कधी कुठून उठेल याचा नेम नसतो. शिवाय एवढा ढीग एका जागी जळला, तर खालची माती विटेसारखी भाजून निघते आणि त्या वर्तुळात पुढे काही हंगाम पीक धड उगवत नाही.

पूर्वी असे ढीग का होत नसत, याचा मी बराच विचार केला. झाडे तेव्हाही तोडली जात, छाटली जात. पण फांदी खाली पडण्याआधीच तिला मागणी असे. बाभळीचे सरळ खोड सुताराकडे जाई आणि त्याचे औत, जू किंवा गाडीच्या चाकाचे आरे होत. पाला-शेंगा शेळ्यांना, काटेरी शिऱ्या कुंपणाला, ढलप्या चुलीला. आता औताच्या जागी ट्रॅक्टर, कुंपणाला तार आणि चुलीच्या जागी गॅस आला. त्याबद्दल मला दुःख नाही. धुरात डोळे चोळत भाकरी भाजणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय चुलीचे गोडवे गाऊ नयेत. अंघोळीच्या पाण्याचा बंब मात्र अजून घराघरांत पेटतो, आणि आमच्या ढिगाची पहिली गिऱ्हाईके तिथूनच आली. मळ्यात कामाला येणाऱ्या आक्कांनी ढिगाभोवती एक फेरी मारली आणि द्राक्षाची मनगटाएवढी खोडे बाजूला काढायला सांगितली. "ही सुकली की बंबाला झक्कास. बाभळीचं जाड तेवढं ठेवा, पावसाळ्याला लागतंय," असे म्हणून त्या निम्मा ढीग मनातल्या मनात घेऊनही गेल्या.

ढीग उकलताना घाई करता येत नाही. घोणस अंडी न घालता थेट पिले घालते, आणि तिचे ते दिवस उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाच्या तोंडाशी येतात. अशा वेळी फांद्यांचा गारवा आणि उंदरांची सोबत तिला आयतीच मिळते. म्हणून भर उजेडात, पायात बूट घालून, लांब दांड्याच्या आकड्याने वरून एकेक फांदी ओढायची, हात आत घालायचा नाही. आमचा जिल्हा नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याचा, त्यामुळे साप निघाला तरी त्याला वाट करून देण्याकडे बहुतेकांचा कल असतो. ढीग आहे तसा पेटवला, तर ती वाटच राहत नाही.

वेडी बाभूळ ही वेगळीच चीज आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून इकडे आणलेले हे झाड बुंध्यावर तोडले की दुप्पट जोमाने फुटते, आणि त्याच्या शेंगा खाऊन शेळ्या-मेंढ्या बी रानभर पसरवतात. म्हणून ते मुळासकट काढावे लागते, आणि मुळासकट काढले की माती येते. जेसीबीने केलेल्या ढिगाची खरी अडचण हीच असते. मातीने माखलेले लाकूड जळत नाही, नुसते आठवडाभर धुमसते, आणि करवतीची साखळी त्यावर पाहता पाहता बोथट होते. ढकलण्याआधी बुंधा वेगळा, फांद्या वेगळ्या, मुळे वेगळी असे तीन ढीग करायला जेसीबीवाल्याला अर्धा तास जास्त लागेल, पण पुढचे दोन महिने वाचतील. (आंबा, चिंच, जांभूळ यांच्यासारखी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, बांधावर ती असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते.)

बारीक फांद्यांसाठी ट्रॅक्टरवर चालणारे श्रेडर, म्हणजे फांद्यांचा भुसा करणारे यंत्र, भाड्याने आणले. त्याचा भुसा थेट मातीत मिसळू नये, कारण लाकडात नत्राच्या (नायट्रोजनच्या) मानाने कर्ब (कार्बन) शेकडो पटींनी जास्त असतो आणि ते कुजवताना जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. कंपोस्टाला हे प्रमाण पंचवीस-तीस पटींच्या आसपास लागते. म्हणून भुशात शेण आणि हिरवा पाला मिसळून खड्डा भरला, उरलेला भुसा नव्या रोपांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरला.

भुरी आणि करपा या रोगांनी डागाळलेल्या काड्या मात्र जाळायच्याच होत्या. त्यासाठी तारांपासून लांब, वर रुंद आणि खाली निमुळता असा खड्डा घेतला. तळाशी लहान जाळ करायचा, निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागली की काड्यांचा पुढचा थर टाकायचा, आणि असे थरावर थर देत वर यायचे. वरची ज्वाळा खालचा धूर आणि हवा दोन्ही खाऊन टाकते, त्यामुळे खालच्या काडीची राख न होता कोळसा होतो. शेवटी भरपूर पाणी ओतून तो विझवायचा. आमची जमीन चुनखडीची, तिला राख आणखी जड जाते; कोळसा शेणस्लरीत मुरवून दिला तर पाणी धरून ठेवतो. आग लहान, हाताशी आणि संध्याकाळच्या वारा पडलेल्या वेळची असल्यामुळे तात्याही काठीला रेलून पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हे बरं दिसतंय."

आता राहिली आहेत ती मुळे. वीटभट्टीवाला येऊन पाहून गेला. लाकूड चांगले आहे, पण माती झाडून द्या, मग बघतो, असे त्याचे म्हणणे पडले. ती मुळे उताराच्या अंगाला मोकळी पसरून ठेवली आहेत. पावसात ती धुऊन निघाली, तर दिवाळीनंतर भट्ट्यांचा हंगाम सुरू झाल्यावर त्याला पुन्हा फोन करायचा आहे.